पवनेकाठची मंडळी : प्रस्तावना

ख्रिस्ती मंडळीचे दप्तर सहसा काळजीने ठेवलेले असते. बाप्तिस्मा कोणाचा झाला, दृढीकरण कधी झाले, लग्न कोणत्या पाळकांनी लावले, दफन कुठे झाले, कोणत्या घराची वर्गणी थकली, सगळ्याची नोंद त्यात सापडते. देवळाच्या नळाला कोणत्या धरणाचे पाणी येते, प्रीतिभोजनानंतर धुतलेल्या भांड्यांचे पाणी कोणत्या नाल्याला मिळते, छपरावर पडलेला पाऊस कुठे जातो, याची नोंद मात्र त्यात सहसा नसते. काळेवाडी, रहाटणी, थेरगाव, पिंपरी, चिंचवड या पवनेकाठच्या वस्त्यांत ही उणीव विशेष खटकते, कारण इथे नदी रविवारच्या उपासनेच्या ठिकाणापासून फार लांब नसते. पुढच्या पानांचा विषय आहे पॅरिशचे जीवन आणि सृष्टीची राखण. माझे म्हणणे असे की हे दोन विषय नाहीतच. बिशपांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या, म्हणजे एपिस्कोपल परंपरेत पॅरिश ही मुळात एका जागेची जबाबदारी होती. औद्योगिक शहरात ती केवळ सभासदांची यादी होऊन बसली. मंडळीला पर्यावरणाचे काम मनापासून करायचे असेल तर नवी समिती नेमण्याआधी तिने आपली जागा परत ओळखली पाहिजे.

या परंपरेची जुनी रीत पाहिली तर हे म्हणणे ओढूनताणून आणलेले वाटणार नाही. पाचव्या शतकात गॉलमधल्या विएनचे बिशप मॅमर्टस यांनी संकटाच्या काळात स्वर्गारोहणाच्या सणाआधी तीन दिवस उपवास आणि प्रार्थनायात्रा सुरू केल्या. पुढे इंग्लंडच्या खेड्यांत त्यांना पॅरिशची शीव पायी फिरण्याचे रूप आले. पाळक पुढे, मागे म्हातारेकोतारे आणि पोरे, वाटेत शेतांसाठी प्रार्थना. कवी आणि खेड्यातला पाळक जॉर्ज हर्बर्ट याने या फेरीची चार कारणे सांगितली आहेत. त्याचे ‘द कंट्री पार्सन’ हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1652 साली छापले गेले. शेतांवर आशीर्वाद मागणे, शिवेची खूण कायम राखून न्याय सांभाळणे, एकत्र चालताना शेजाऱ्यांची भांडणे मिटवणे आणि गरिबांना मदत देणे, अशी ती कारणे. ती एकाच फेरीत बसतात, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आज आपण पर्यावरण एका विभागात, समाजसेवा दुसऱ्यात आणि उपासना तिसऱ्यात टाकतो. हर्बर्टच्या डोळ्यांसमोर जमीन, शेजार आणि गरीब माणूस एकाच पायवाटेवर होते.

महाराष्ट्रातही ही परंपरा आली तेव्हा जागेला धरूनच रुजली. नाशिकजवळ 1854 साली वसवलेल्या शरणपुरात उपासना, शाळा आणि कारागिरी एकाच वस्तीत होती. पुण्याच्या गुरुवार पेठेतले पवित्र नाम देवालय 1885 साली उभे राहिले. पंचहौद मिशन म्हणून पुणेकरांना ते ठाऊक आहे, आणि 1890 साली तिथे घेतलेल्या चहावरून उठलेल्या वादामुळे रानडे आणि लोकमान्य टिळकांच्या चरित्रांतही ते आले आहे. देवळाभोवती शाळा, वसतिगृहे आणि ख्रिस्ती कुटुंबांची घरे होती. घंटा वाजली की ती ज्यांना ऐकू जाई ते बहुतेक त्याच मंडळीचे असत, आणि ज्यांना ऐकू जाई पण मंडळीचे नसत तेही पाळकांच्या ओळखीचे असत. त्या काळातल्या परकीय सत्तेचा आणि मिशनच्या कुंपणाचा प्रश्न मी विसरत नाही. मिशनच्या आवारात राहणारा माणूस गावापासून तुटला, ही मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांसारख्यांची व्यथा खरी होती. तरीही आपले पाणी, आपली विहीर, आपली गल्ली कोणती हे त्या मंडळीला माहीत होते.

पिंपरी-चिंचवडला हा धागा सुटला. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, मागोमाग टेल्को आणि बजाज आल्या, पुढे चाकणपर्यंत वाहन उद्योगाची रांग लागली. अहमदनगर, जालना, औरंगाबाद, सोलापूर या भागांतून कामगार आले आणि त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही आली. प्रत्येकाने गावाकडची मंडळी मनात घेऊनच इथे पाय ठेवला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अँग्लिकनांसह सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. कागदावर मंडळी एक झाली तरी माणसे उपासनेला जातात ती अजून आजोबांच्या मिशनप्रमाणे, बोलीप्रमाणे, नात्यागोत्याप्रमाणे. चाकणला राहणारा माणूस दुचाकीवरून पिंपरीला येतो आणि काळेवाडीत राहणारा पुण्याच्या कॅम्पात जातो. त्यात प्रेम आहे, निष्ठा आहे, मी त्याला नावे ठेवत नाही. पण त्यामुळे मंडळी जिथे जमते तिथल्या गल्लीशी तिचा संबंध रविवारच्या दोन तासांपुरता उरतो. काळेवाडीसारखी वस्ती तर बरीचशी गुंठेवारीने वाढली. गुंठा-अर्धा गुंठा घेऊन लोकांनी घरे बांधली, मग शास्तीकराशी आणि रिंगरोडच्या आरक्षणाशी झगडा केला. त्या घर बचाव आंदोलनात शेजाऱ्याने शेजाऱ्याला ओळखले. देवळात एकाच बाकावर बसणाऱ्यांना मात्र एकमेकांच्या घरचे पाणी कधी येते हे ठाऊक नसते.

आता नदीकडे पाहू, कारण या युक्तिवादाचा मुख्य पुरावा तीच आहे. पवना सह्याद्रीत, लोणावळ्याच्या दक्षिणेला उगम पावते आणि पवनानगरच्या धरणात अडते. या धरणाची क्षमता सुमारे साडेआठ टीएमसी आहे. तिथून सोडलेले पाणी नदीपात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते. तिथे महापालिका ते उचलते, निगडीच्या केंद्रात शुद्ध करते आणि शहराला देते. नदी पुढे चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीजवळून, थेरगाव-काळेवाडीच्या कडेने, पिंपरीला वळसा घालून दापोडीला मुळेला मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातल्या नद्यांचे 351 प्रदूषित पट्टे नोंदवले. त्यांतले 53 महाराष्ट्रातले होते आणि पवनेचा पट्टा रावेत ते दापोडी असा होता. म्हणजे शहर जिथे पाणी उचलते तिथूनच नदी बिघडायला लागते. वरच्या अंगाला आपण तिला पितो आणि खालच्या अंगाला वापरलेले पाणी तिच्यात सोडतो. काळेवाडी या खालच्या अंगाला आहे. भाटनगर, कासारवाडी, चिखली, रावेत अशा ठिकाणी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे आहेत. पण जे सांडपाणी त्यांच्या नळांत शिरण्याआधीच नाल्याला मिळते, ते थेट पात्रात जाते.

त्याची खूण दरवर्षी डोळ्यांसमोर उगवते. थंडी सरली की पवनेवर जलपर्णी पसरते आणि उन्हाळ्यात काही ठिकाणी पाण्याऐवजी हिरवे मैदान दिसते. लोक त्या वनस्पतीवर रागावतात, तिला काढण्याचे ठेके निघतात, पावसाळ्यात ती वाहून जाते आणि पुढच्या वर्षी परत येते. जलपर्णीला वाढायला नत्र आणि स्फुरद लागते, आणि ते तिला मैल्यातून आणि साबणाच्या पाण्यातून भरपूर मिळते. ती पात्र झाकते तेव्हा खालच्या पाण्यात प्राणवायू कमी होतो, मासे मरतात, डास वाढतात. तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. म्हणून ती नुसती काढून भागत नाही, तिचे खाणे बंद करावे लागते, आणि ते खाणे आपल्या मोऱ्यांतून जाते. नदीकाठी श्रमदानाला जाणाऱ्या तरुण संघाविषयी मला मनापासून आदर आहे. पण त्याच मंडळीच्या मोरीचे पाणी कुठे जाते हे कोणी पाहिले नसेल, तर श्रमदान अर्ध्यावर राहिले असे मी म्हणेन.

पाण्याच्या वरच्या टोकाची गोष्ट याहून जड आहे. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून थेट शहराला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी उभे राहिले. 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती मार्गावर बौरजवळ पोलिसांच्या गोळीबारात कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे आणि श्यामराव तुपे यांचा जीव गेला. धरणासाठी जमिनी गेलेल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्नही अनेक दशके रेंगाळला. दुसरीकडे पिंपरी-चिंचवडकरांना नोव्हेंबर 2019 पासून पाणी दिवसाआड मिळू लागले. धरण भरले तरी ती टंचाई सुटली नाही, कारण शहर वाढले आणि वाटेतली गळतीही होती. काळेवाडीच्या एखाद्या चाळीत सकाळी सात वाजता पिंप भरणाऱ्या बाईचा मावळातल्या शेतकऱ्याशी काही झगडा नाही. दोघांमध्ये जी व्यवस्था आहे ती दोघांनाही कमी देते. अशा वेळी मंडळीच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत राज्यकर्त्यांसाठी, आजाऱ्यांसाठी विनंती होते, तशी धरणग्रस्तांसाठी आणि पाण्याच्या न्याय्य वाटपासाठी व्हायला हवी. नाव घेऊन केलेली प्रार्थना माणसाला त्या नावाविषयी चौकशी करायला लावते. तिचा एवढा परिणाम झाला तरी तो मोठा आहे.

यावर पहिला आक्षेप मंडळीतूनच येतो. मंडळीचे काम आत्म्यांच्या तारणाचे, नदीनाले बघायला महापालिका आहे. हा आक्षेप हलका नाही, कारण तो घेणारी माणसे श्रद्धेने घेतात. पण उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात जमीन देवाची आणि माणसे तिथे उपरी, असे नियमाने बांधले आहे. ज्या कारभाऱ्याकडून हिशेब मागितला जातो तो येशूच्या दाखल्यांत पुन्हा पुन्हा येतो. जगभरच्या अँग्लिकन मंडळ्यांनी 1984 साली आपल्या सेवाकार्याची लक्षणे सांगितली तेव्हा ती चार होती. सृष्टीचे जतन आणि पृथ्वीच्या जीवनाचे नूतनीकरण हे पाचवे लक्षण 1990 साली जोडले गेले. उशिराने जोडले, याची टोचणी आपल्याला असावी. इतिहासकार लिन व्हाइट यांनी 1967 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आरोप केला होता की निसर्गावर मालकी सांगण्याची वृत्ती पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारातूनच आली. त्या आरोपात तथ्य आहे. मालकी सांगणारे वचन आपण मोठ्याने वाचले आणि राखण सांगणारे हळू वाचले. त्याच लेखात व्हाइट यांनी असिसीच्या फ्रान्सिसचे नाव पर्यावरणाचा आश्रयदाता संत म्हणून सुचवले होते, आणि 1979 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला तसे घोषित केले. आरोप करणाऱ्यालाही उत्तर ख्रिस्ती परंपरेच्या आतच सापडले.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा आहे आणि तो क्वचितच मोठ्याने बोलला जातो. आपण संख्येने थोडे, सार्वजनिक प्रश्नांत पडलो तर संशय ओढवून घेऊ. शिवाय नदीच्या कामात आरत्या असतात, पूजा असतात, तिथे आपण कसे जाणार? ही भीती ज्यांनी अनुभवली आहे त्यांना ती सोडून द्या असे सांगणे उद्धटपणाचे होईल. मी एक उदाहरण समोर ठेवतो. वसईत 1980 च्या दशकाच्या अखेरीस टँकरवाल्यांनी विहिरींचे पाणी उपसायला सुरुवात केली आणि हरित पट्टा बिल्डरांच्या डोळ्यांत भरला. तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिच्या अग्रभागी ‘सुवार्ता’चे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. वसईचे धर्मग्राम, म्हणजे तिथल्या पॅरिश, कॅथलिक आहेत, त्यांची रचना आपल्याहून थोडी वेगळी आहे. पण तिथे विहीर, वाडी आणि चर्च एकाच आळीत होते, म्हणून पाण्याचा प्रश्न हा धर्मग्रामाचा प्रश्न होऊ शकला. त्या लढ्यात हिंदू शेतकरीही होते, कारण भूजल धर्म विचारून खाली जात नाही. याच फादर दिब्रिटोंना मराठी समाजाने 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिले. नाव जाहीर झाल्यावर विरोधही झाला. तरीही वसईत माती-पाण्यासाठी उभे राहिल्याने ते परके ठरले नाहीत, उलट ते अधिक इथले झाले. पूजेच्या प्रश्नाचे उत्तर साधे आहे. जो नदीची आरती करतो त्याच्याशेजारी उभे राहून तिचा गाळ काढायला कोणतेही वचन आडवे येत नाही. देहू-आळंदीला इंद्रायणीवर फेस दिसतो तेव्हा वारकऱ्याला जे दुःख होते, ते ख्रिस्ती माणसालाही व्हावे. नारायण वामन टिळक तर तुकारामांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. वसईकरांकडे जमीन होती, वाड्या होत्या, पिढ्यांची मुळे होती. काळेवाडीतला ख्रिस्ती माणूस भाडेकरू किंवा अर्ध्या गुंठ्याचा धनी. तो कंत्राटी कामगार असेल तर बारा तासांच्या पाळीनंतर त्याच्यात त्राण उरत नाही. नदी बिघडवणाऱ्यांत ज्या कारखान्यांचे नाव येते त्यांच्यावरच त्याची चूल चालते. त्याने काय करावे? एकट्या कामगाराने काहीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सांडपाण्याच्या टाकीवर काम करणाऱ्या माणसाला रात्री कोणता व्हॉल्व्ह उघडतो हे ठाऊक असते. पण ते सांगण्याची किंमत त्याने एकट्याने मोजावी, असा उपदेश व्यासपीठावरून करणे अन्यायाचे आहे. संस्था म्हणून मंडळी असते ती यासाठीच. तिला माहितीचा अधिकार वापरता येतो, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे कारखान्याला दिलेल्या संमतीच्या अटींची प्रत मागता येते, वॉर्डाच्या कार्यालयात कागद देता येतो, आणि त्या कागदावर पास्टोरेट कमिटीची, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीची, सही असते, कोणा कामगाराची नसते. मुळे नसलेल्या जागी काही रुजत नाही, हेही खरे नाही. फादर हर्मन बाखर हे स्विस जेझुइट अहमदनगरच्या दुष्काळी टापूत आले तेव्हा ते तिथले नव्हते. त्यांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचे काम उभे केले. 1993 साली स्थापन झालेली वॉटर ही संस्था त्यातूनच निघाली. त्या कामाचे गमक असे की पाणलोट क्षेत्र हेच कामाचे एकक मानले गेले, जातीची आळी किंवा पक्षाचा गट नव्हे. काळेवाडीच्या अनेक कुटुंबांची मुळे त्याच नगर-जालन्याच्या दुष्काळात आहेत. पाणी वाचवणे म्हणजे काय, हे त्यांच्या आजीला कोणी शिकवावे लागले नव्हते. शहरात आल्यावर ते शहाणपण विसरले गेले असेल, पण फार जुने झालेले नाही.

मग मंडळीने प्रत्यक्षात कुठून सुरुवात करायची? जून महिन्यात रोपे लावून, फोटो काढून आणि ऑक्टोबरात ती वाळलेली पाहून ही सुरुवात होत नाही. रोपे लावू नयेत असे मी म्हणत नाही, पण पाणी घालायला कोण येणार हे ठरल्याशिवाय लावू नयेत. छपरापासून सुरुवात करणे जास्त प्रामाणिक आहे. 200 चौरस मीटरचे छप्पर आणि वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला तर त्यावर 1,40,000 लिटर पाणी पडते. वीस टक्के वाया गेले तरी 1,12,000 लिटर हाती लागते. दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्तीत हे पाणी गटारात सोडणे मला उधळपट्टी वाटते. त्यानंतर प्रीतिभोजनाची पंगत. महाराष्ट्रात 2018 पासून थर्मोकोलच्या ताटांवर बंदी आहे, तरी सोय म्हणून ती कुठे कुठे येतातच. महिला मंडळाकडे स्टीलच्या ताटांचा एक संच असला तर तो भागच मिटतो, फक्त धुण्याचे काम पुन्हा बायकांच्याच माथी मारू नये, पुरुषांनीही बाह्या सरसावाव्यात. दफनभूमीचा विचारही याच ओघात यायला हवा. शहरात जागा तुटपुंजी आहे, सिमेंटच्या थडग्यांनी ती कायमची अडते आणि पाणी मुरायचेही थांबते. हा विषय हळवा आहे. तो हुकमाने सुटणार नाही, कुटुंबांशी बसून बोलावे लागेल.

आणि कॅलेंडर. जगभरच्या अनेक मंडळ्या 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा सृष्टीचा काळ म्हणून पाळतात. 1 सप्टेंबरची प्रथा ऑर्थोडॉक्स मंडळीच्या पॅट्रिआर्क दिमित्रिओस यांनी 1989 साली सुरू केली आणि 4 ऑक्टोबर हा फ्रान्सिसचा दिवस. आपल्याकडे हे दिवस पावसाळ्याच्या शेवटाचे असतात. धरण भरलेले असते, पात्र वाहते असते आणि निळ्या पूररेषेच्या आत कोणाची घरे आहेत हे नुकतेच दिसलेले असते. त्या काळातल्या एका रविवारी उपासनेनंतर मंडळीने आपल्या भागाची फेरी काढावी. हातात फलक, घोषणा यांची गरज नाही. देवळापासून नाल्यापर्यंत, नाल्यापासून पात्रापर्यंत चालावे, वाटेतल्या दुकानदारांशी, चाळीतल्या लोकांशी बोलावे, लहान मुलांना नाले मोजायला सांगावे आणि सापडेल ते लिहून आणावे. गावाकडे सुगीच्या सणाला धान्य, भाज्या, कोंबडी वेदीपुढे येते आणि मग त्यांचा लिलाव होतो. कारखान्यात राबणाऱ्यांच्या मंडळीत त्या सणाला बाजारातून आणलेल्या फळांची टोपली येते आणि तिचा अर्थ पुसट होतो. त्या टोपलीशेजारी फेरीत लिहिलेली वही ठेवता येईल.

ती वही वर्षातून एकदा मंडळीच्या वार्षिक सभेत वाचली जावी, असे माझे सुचवणे आहे. जमाखर्च वाचणारा खजिनदार उठतो, सभासद प्रश्न विचारतात, आकडा चुकला तर पुढच्या सभेपर्यंत खुलासा द्यावा लागतो. पाण्याचा जमाखर्चही त्याच खजिनदाराने, त्याच सभेत, त्याच गांभीर्याने मांडावा. किती पाणी आले, किती साठवले, मोरी कुठे जोडली आहे, वॉर्डाच्या कार्यालयाला दिलेल्या पत्राचे उत्तर आले का. पहिल्या वर्षी त्यातले बरेच रकाने रिकामे असतील. ते रिकामे म्हणूनच वाचावेत आणि कोणता रकाना कोणी भरायचा, हे त्या सभेतच नावानिशी ठरवावे.